हायडनचा दणका

टँकर येऊन गेल्याला तास झाला नव्हता आणि आलेल्या पाण्यातल्या दोन घागरी बँडवाल्यांनी पिऊन संपवल्या होत्या. त्या नीलाबाईंनीच मागच्या गोदामात नेऊन ठेवल्या होत्या. त्यामुळं त्यांचे यजमान रेवणप्पा दारात उभे राहून ओरडत होते तेव्हा त्या शेवग्याच्या शेंगा मोडत, खाली मान घालून हसू दाबत होत्या.

"घरात तोंड धुवायची पंचाईत, आन् तू बँडवाल्याला घागरी पाजून राहिली?"

"फुंकणाऱ्याला पाणी लागतंय की. भावजी म्हणले, ओठ कोरडे पडले की क्लॅरिनेट रडायला लागतंय."

"रडू दे! सगळा मुलूख रडून राहिला, त्यात एक क्लॅरिनेट."

तेवढ्यात गोदामातून एक लांब सूर आला. त्याबरोबर मांडणीवरच्या पितळी घागरी, पराती, तांबे सगळं एकदम हलकंच घुमलं. गंजगोलाईतलं, म्हणजे लातूरच्या मधोमध असलेल्या गोल बाजारपेठेतलं, निटुऱ्यांचं भांड्यांचं दुकान तीन पिढ्यांचं होतं. पण भांडी आपण होऊन गातात हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं. ते वीरण्णा परत आल्यापासून कळलं.

वीरण्णा रेवणप्पांचा धाकटा भाऊ. मिसरूड फुटायच्या आत घरातून पळाला, हैदराबादला निजामाच्या फौजेच्या बँडात क्लॅरिनेट शिकला, निजामाचं राज्य गेल्यावर मुंबईला गेला. तिथं विलायती वाद्यवृंदात आधी वाजवण्यात आणि मग हातात छडी घेऊन वाजवून घेण्यात त्याचं आयुष्य गेलं. बायको नाही, पोर नाही. साठी उलटल्यावर गेल्या संक्रांतीला एक पत्र्याची पेटी घेऊन तो दारात उभा राहिला. थोरल्या भावानं त्याला मिठी मारली, रडून घेतलं आणि गोदामावरची खोली दिली. त्या दिवसापासून रेवणप्पांची दुपारची झोप गेली ती गेलीच. कारण वीरण्णानं महिन्याभरात नरसिंगला गाठलं. नरसिंगचा बँड लातूरपासून औशापर्यंतच्या लग्नांत वाजायचा. दुष्काळानं यंदा निम्मी लग्नं पुढं गेली होती आणि बँड रिकामा बसला होता. वीरण्णानं त्या रिकाम्या बँडाला एका विलायती संगीतकाराची, हायडनची, रचना शिकवायला घेतली.

पंधरा ऑगस्टला लातूर जिल्हा होणार होता. रंगारी शिड्या लावून पाट्यांवरचं 'जि. उस्मानाबाद' पुसत होते. सकाळी सरकारी झेंडावंदन, संध्याकाळी गोलाईत नागरिकांचा समारंभ असं ठरलं होतं. समारंभाच्या समितीवर रेवणप्पा होते आणि समितीनं वीरण्णाला अर्धा तास दिला होता. देशभक्तीची गाणी असतील, असं रेवणप्पांना वाटलं होतं.

पण आजचा राग पाण्याचा नव्हता, हे नीलाबाईंना कळत होतं. त्या वाट बघत होत्या. शेवटी ते आलंच.

"दुकानात गिऱ्हाइक मला विचारतंय, मालक, तुमची सून बँडात बसणार म्हणं. निटुऱ्यांची सून! बँडात!"

"बँडात न्हाई, व्हायलिनवर. बँडाच्या जरा म्होरं."

"म्होरं काय आन् मागं काय? मन्मथ! ए मन्मथ, इकडं ये. नवरा हाईस तिचा, तू बोल."

मन्मथ गल्ल्यावरून उठून आला. बापाकडं बघून त्यानं मान हलवली. "अप्पाचं बरोबर हाय." मग स्वयंपाकघराच्या दारात पदर खोचून उभी असलेली शिवकांता त्याला दिसली. "म्हणजे... तिचंही बरोबर हाय."

"दोघांचं बरोबर कसं असंल रे?"

"तेच तर मी कधीपासून विचार करून राहिलो."

शिवकांता हसली. तिला हसताना बघून नीलाबाईंनी शेंगांचं ताट बाजूला सारलं आणि उठून उभ्या राहिल्या.

"हे बघा. सून बसली न्हाई तर मी बसते. मला झांजा येतात. मग सगळ्या लातूर जिल्ह्याला सांगते, ही रेवणप्पा निटुऱ्यांची मंडळी हाय म्हणून."

रेवणप्पांनी बायकोकडं नीट बघितलं. एवढ्या संसारात त्यांना एक कळलं होतं, ही बाई बोलते तसं करते.

गोदामाचं दार उघडून वीरण्णा बाहेर आला. छडी कानावर खोचलेली, सदरा घामानं भिजलेला. "वैनी, पाणी आहे का अजून?"

"न्हाई!" रेवणप्पा गरजले. "आधी मला सांग, असं काय वाजवणार हाईस की त्याला माझी सून लागती?"

वीरण्णाला हा प्रश्न कुणीतरी विचारायलाच हवा होता. तो भावाच्या अगदी जवळ आला आणि हळू आवाजात गुणगुणला. "सा सा ग ग प प ग... म म रे रे नी नी प..."

"हे? हे तर शाळेतलं पोरगं म्हणंल."

"हाव, अण्णा! म्हणंलच. मग तेच पुन्हा, आणखी हळू. इतकं हळू की माणूस ऐकायला पुढं वाकतो." वीरण्णा स्वतः वाकला, रेवणप्पाही नकळत वाकले. "सा सा ग ग प प ग... म म रे रे..."

आणि त्यानं खुंटीवरच्या परातीवर तळहात हाणला.

रेवणप्पा जागच्या जागी उडाले. ओट्याखालचं मांजर रस्त्यापलीकडं गेलं. नीलाबाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला, तरी त्या खाली बसल्या आणि बसूनसुद्धा हलत राहिल्या.

"ह्याला संगीत म्हणत्यात?" छातीवर हात ठेवून रेवणप्पा म्हणाले.

"ह्याला हायडन म्हणतात. त्याची चौऱ्याण्णवावी सिंफनी, म्हणजे सबंध वाद्यवृंदानं वाजवायची चार भागांची रचना. अण्णा, हा माणूस तीस वर्षं एका राजाच्या पदरी होता. म्हातारपणी सुटला, लंडनला गेला आणि तिथं शेवटच्या बारा सिंफन्या लिहिल्या. माझ्या वयाचा होता. जन्मभरात केल्या नसतील इतक्या खोड्या त्या बारांत आहेत. आणि मुंबईत आम्ही त्या कशा वाजवायचो? शोकसभेला बसल्यासारखं! ऐकणाऱ्यांना दणका कुठं आहे ते पाठ. तो यायच्या आधी बायका पर्स सावरून बसायच्या. जगात कुठंही जा, हेच. दोनशे वर्षं होत आली, ह्या गाण्याला दचकणारा माणूसच उरला नाही."

"मग?"

"मग लातुरात कुणाला माहीत आहे?"

मन्मथच्या चेहऱ्यावर आधी हसू उमटलं, मग शिवकांताच्या. नीलाबाईंनी तोंडातला पदर काढला.

"अगं बया," त्या म्हणाल्या. "सगळं गावच दचकंल."

"एकदाच, वैनी. पण खरोखरचं. त्यानं लिहिलं तेव्हा झालं असेल तसं. त्यासाठी मला हळू वाजवणारी व्हायलिनं लागतात आणि मोठा आवाज करायला नगारा. आपल्या मठातला. अण्णा, तुम्ही मठाचे पंच आहात."

म्हणजे सूनही रेवणप्पांच्या हाती आणि नगाराही. आणि एका गोष्टीनं त्यांचा जीव सुखावला, धाकटा त्यांच्याकडं काहीतरी मागत होता. हे पहिल्यांदाच घडत होतं. पळाला तेव्हाही त्यानं विचारलं नव्हतं.

"नगाऱ्याजवळ मी स्वतः बसणार," ते शेवटी म्हणाले. "मठाची वस्तू हाय. आन् सून माझ्या डोळ्यांसमोर राहील."

"कबूल. पण दणक्याचं कुणाला सांगायचं नाही, अण्णा. कुणाला म्हणजे कुणाला."

"मी कशाला सांगू?" रेवणप्पा म्हणाले.

*

शिवकांताचं माहेर नांदेडचं. तिथं शेजारच्या घरात रेणुकादास सर राहायचे. शाळेत गणित शिकवायचे आणि संध्याकाळी व्हायलिन. परकरात असल्यापासून ती त्यांच्याकडं शिकली होती. लग्न होऊन लातूरला आली तेव्हा व्हायलिनची पेटी कपाटावर गेली आणि तिथंच राहिली. एकदा घरात कुणी नाही असं बघून तिनं ती काढली, सूर लावले, आणि गोदामावरच्या खोलीतून वीरण्णाकाका चप्पल न घालता धावत खाली आले. एवढंच झालं होतं. त्यानंतर तिला दिवस कसे जातात ते कळत नव्हतं. भाकरी थापतानाही तिची डाव्या हाताची बोटं परातीच्या काठावर चालायची.

तिनं पत्र लिहून बोलावलं म्हणून रेणुकादास सर नांदेडहून एसटीनं आले, अहमदपूरमार्गे, व्हायलिनची पेटी मांडीवर घेऊन. बरोबर मुदखेडच्या रेल्वे कॉलनीतले त्यांचे दोन शिष्य होते. सरांचं धोतर अजून कडक इस्त्रीचं होतं. गोदामात शिरल्यावर त्यांनी भांड्यांकडं बघितलं, बँडवाल्यांच्या लाल कोटांकडं बघितलं आणि रुमाल घालून एका पिंपावर बसले.

पहिले दोन भाग बरे गेले. तिसऱ्या भागाला वीरण्णाकाकांनी छडी उचलली आणि असा वेग दिला की नरसिंगचा बँड आधी धावला, मग ठेचकाळला आणि मग एकमेकांवर कोसळला. शेवटी एकटं सॅक्सोफोन कुठंतरी पुढं निघून गेलेलं ऐकू आलं.

"साहेब," नरसिंग घाम पुसत म्हणाला, "ह्या चालीवर वरात पळत सुटंल. नवरदेव घोड्यावरून पडंल बघा."

"पडू दे!" काका आनंदानं म्हणाले.

रेणुकादास सर उभे राहिले. "वीरण्णाजी, हा मिन्युएट आहे. दरबारी नाच. माझ्याकडं ह्याची रेकॉर्ड आहे. ती ऐकताना माणूस ताठ बसतो."

"सर, कागदावर हायडननं स्वतः लिहिलंय, फार वेगात. त्याचा बाप गाड्यांची चाकं करायचा. गावच्या जत्रेत नाचलेला माणूस तो. राजवाड्यात राहिला म्हणून पाय विसरतो का?"

"पण ह्या वेगात सूर राहत नाहीत. आत्ताच ऐकलंत ना? नुसता कालवा झाला."

"होऊ दे थोडा कालवा."

"माझ्या विद्यार्थ्यांकडून नाही होणार." सरांनी व्हायलिन पेटीत ठेवलं आणि झाकण लावलं. "चल, शिवकांता. तूही ठेव. हे आपलं काम नाही."

सगळे तिच्याकडं बघायला लागले. तिनं ठेवलं तर सगळं संपत होतं. बँड एकटा हळू वाजवू शकत नव्हता. सरांनी तिला सा लावायला शिकवलं होतं, त्यांच्या शब्दाबाहेर ती कधी गेली नव्हती. आणि छडी खाली सोडून उभे असलेले काका एकदम म्हातारे दिसत होते.

तिचा हात पेटीकडं गेला नाही.

"सर, कालवा होतो ते बरोबर हाय," ती म्हणाली. "पण मला वाजवताना हसू येत होतं. आपल्याकडं इतकी वर्षं शिकले, वाजवताना हसू कधी आलं नव्हतं. तुम्हीच सांगा ना, हसू येतंय आणि सूरही राहतो, असं कसं करायचं?"

शिष्येनं मोडता घातला म्हणून रागवावं की प्रश्न विचारला म्हणून उत्तर द्यावं, हे सरांना ठरवता येत नव्हतं. पण ते मास्तर होते. शंका विचारली की त्यांना गप्प बसता यायचं नाही.

"गज फार लांब ओढतेस," ते कुरकुरत म्हणाले. "एवढ्या वेगाला एवढा गज कसा पुरेल? मधोमध धर. इतकाच. बोटभर. आणि उचल लगेच, तव्यावरून हात उचलतेस तसा."

तिनं तसं केलं. सूर टणटणीत सुटे सुटे उडाले.

"आता हे फुंकणाऱ्यांनाही सांगा," सर काकांना म्हणाले. "प्रत्येक सूर शेवटपर्यंत ताणू नका म्हणावं. अर्ध्यात सोडा."

"नरसिंग! ऐकलंस? अर्ध्यात सोड!"

पुन्हा छडी उठली. ह्या वेळी बँड कोसळला नाही. ट्रंपेट, क्लॅरिनेट, व्हायलिन एकमेकांच्या हातून चेंडू हिसकावल्यासारखे धावले, वर मांडणीवरच्या पराती झणझणल्या, आणि शिवकांताला खरंच हसू फुटलं. तरी गज थांबला नाही. शेवट झाला तेव्हा तिनं बघितलं, सरांनी व्हायलिन कधी बाहेर काढलं होतं कुणास ठाऊक, ते दुसऱ्या ओळीत बसून वाजवत होते.

"सर, तुमचा पाय ताल धरत होता," ती म्हणाली.

"पिंप हलतंय," रेणुकादास सर म्हणाले.

*

रेवणप्पांनी कुणाला सांगायचं नाही असं खरंच ठरवलं होतं. पण समारंभाला मुंबईहून पाहुणे यायचे होते, वयानं थोर, पहिल्या रांगेत मधोमध बसणारे. रेवणप्पांच्या डोळ्यांसमोर त्यांचं छातीवर हात ठेवून खाली सरकणं यायला लागलं. मग ॲम्ब्युलन्स, मग गर्दी, मग वर्तमानपत्र. नव्या जिल्ह्याच्या पहिल्याच दिवशी पाहुणा गेला, निटुऱ्यांच्या नगाऱ्यानं गेला. ते अंथरुणात उठून बसले.

सकाळी ते समितीच्या अध्यक्षांकडं गेले. अध्यक्ष भीमाशंकर हे त्यांचे जुने सोबती, डाळमिलवाले.

"फक्त तुम्हाला सांगून राहिलो, भीमाशंकर. मधी एक दणका हाय. पाव्हण्याच्या कानावर घाला, म्हणजे दचकायचे न्हाईत."

"दणका? केवढा?"

रेवणप्पांनी हातांनी केवढा ते दाखवलं.

भीमाशंकरांनी पाहुण्यांसाठी निरोप पाठवला. पण त्यांची स्वतःची बायकोही पहिल्या रांगेत बसणार होती, म्हणून तिलाही सांगितलं. तिनं बहिणीला सांगितलं, कारण बहीण पोटुशी होती. मंडपवाल्याला सांगावं लागलं, कारण खांब हलले तर काय? तिथून ते टँकरच्या रांगेत पोचलं आणि रांगेत उभं राहून माणसाला बोलण्यावाचून दुसरं काम नसतं. चौदा तारखेला नीलाबाई घागर घेऊन उभ्या होत्या तेव्हा पुढची बाई मागं वळून म्हणाली, "नीलाताई, उद्या कानात कापूस घालून यायचं म्हणं. तुमच्या दिरानं तोफ आणलीय."

नीलाबाई घागर तशीच ठेवून घरी आल्या. नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या.

"तुम्ही सांगितलं."

"एकाला," रेवणप्पा म्हणाले. "फक्त एकाला."

"आता भावजीला कोण सांगणार?"

दोघंही वर बघत बसले. वरच्या खोलीतून गुणगुणणं ऐकू येत होतं, सा सा ग ग प प ग. मग थांबणं. मग एका म्हाताऱ्या माणसाचं आपलं आपणच खुदकन हसणं.

कुणीच सांगितलं नाही.

*

संध्याकाळी गोलाई माणसांनी भरली होती. पाऊस नसल्यानं धूळ होती, विजेच्या माळा होत्या, आणि चारी दिशांच्या रस्त्यांवरून लोक अजून येतच होते. जळकोटकडचे लोक ट्रॅक्टरमध्ये उभे राहून आले होते. आता आपलं गाव जिल्हा झालं, ह्याची सगळ्यांना चढली होती. न पिताच माणसं झिंगल्यासारखी एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती.

व्यासपीठावर उजव्या कडेला नगारा, त्याच्यामागं टिपऱ्या घेऊन नरसिंग, आणि शेजारी खुर्चीवर कोट घालून रेवणप्पा. पुढं व्हायलिनं. शिवकांतानं नीलाबाईंची हिरवी इरकल नेसली होती. भाषणं संपली, टाळ्या झाल्या. वीरण्णा काळा कोट घालून आला, वाकला आणि पाठ करून उभा राहिला.

पहिला भाग छान गेला. लोक माना डोलवत होते, थोडं बोलतही होते. तो संपला आणि कपाळ पुसायला वीरण्णा लोकांकडं वळला.

रेवणप्पांनी त्याचा चेहरा त्या क्षणी बघितला.

पहिल्या रांगेत मुंबईचे पाहुणे खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून बसले होते. भीमाशंकरांच्या बायकोच्या कानात कापूस होता, पांढरा, बाहेर आलेला. तिच्यामागं बायांची सगळी रांग कानात बोटं घालून तयार. त्यामागं पुरुष, पोरंठोरं, ट्रॅक्टरवरचे, दुकानांच्या पायऱ्यांवरचे. अवघा लातूर जिल्हा कान झाकून हसऱ्या तोंडानं वाट बघत होता.

वीरण्णाची नजर त्या सगळ्यांवरून फिरली आणि हळूहळू थोरल्या भावावर येऊन थांबली. त्यात राग नव्हता. रागवला असता तर रेवणप्पांना सोसलं असतं. त्यांना आपल्या बुटांकडं बघावं लागलं.

मग वीरण्णा शिवकांताकडं वाकून काहीतरी पुटपुटला. तिनं ते सरांना सांगितलं, सरांनी मागं, असं रांगेनं ते नगाऱ्यापाशी आलं. नरसिंग रेवणप्पांच्या कानाला लागला.

"मालक, दणका रद्द. तिथं नुसतं गप बसायचं म्हणले. मनात मोजायचं आन् फुडं जायाचं."

सा सा ग ग प प ग.

लोक ओळखीचं काही भेटल्यासारखे हलले. हेच ते. पुन्हा तेच, आणखी हळू. शिवकांताचा गज तारेला लागतोय की नाही कळू नये इतकं हळू. गोलाईत एवढी माणसं, पण माळांवरचे किडे ऐकू यायला लागले. पाहुण्यांनी डोळे मिटले. हजारो खांदे वर गेले. म म रे रे नी नी...

काहीच झालं नाही.

वीरण्णाची छडी हवेत थांबलेली. व्हायलिनं थांबलेली. एक क्षण, आणखी एक. पाहुण्यांनी एक डोळा उघडला. भीमाशंकरांच्या बायकोनं एका कानातला कापूस काढला, न ऐकताच होऊन गेला की काय म्हणून. आणि अगदी त्याच वेळी, जणू काही घडलंच नाही अशा साळसूदपणे, व्हायलिनं पुढं चालू झाली.

मागं ट्रॅक्टरवर कुणीतरी फिस्सकन हसलं. मग पायऱ्यांवर. मग बायांच्या रांगेत ते पेटलं, कानातून निघालेली बोटं एकमेकींच्या दंडावर बसायला लागली, आणि सगळी गोलाई आपल्याच फजितीवर खदखदा हसली. पाहुणे शेजारच्या भीमाशंकरांना म्हणत होते, "फसवलं की हो! फसवलं आपल्याला!" वीरण्णानं मागं वळून बघितलं नाही, पण त्याचे खांदे हलत होते.

रेवणप्पाही हसले. छातीवरचं ओझं कुणीतरी उचलल्यासारखं वाटलं. त्यांना आता ते गाणं नीट ऐकू यायला लागलं. तीच साधी चाल कधी रुसत होती, कधी मिशीला पीळ भरत होती, कधी एकटं क्लॅरिनेट तिला खांद्यावर घेऊन फिरवत होतं. लोक आता निवांत झाले होते. कान उघडे, पाय पसरलेले. भाग संपत आला. चाल परत आली ती अगदी दमलेली, झोपेला आलेली, सूर हळूहळू विझत चाललेले. वीरण्णा छडीचं टोक जेमतेम हलवत, डोळे मिटून पुढं वाकला होता.

रेवणप्पांनी त्या पाठीकडं बघितलं. काय झालं ते त्यांना नंतरही कुणाला सांगता आलं नाही. ते खुर्चीवरून उठले. नरसिंगच्या हातातल्या टिपऱ्या त्यांनी काढून घेतल्या. आणि मठाचे पंच, नागरिक समितीचे सदस्य रेवणप्पा निटुरे यांनी दोन्ही हात डोक्यावर नेऊन कोरड्या हवेनं ताठलेल्या त्या कातड्यावर होता नव्हता तेवढा जोर घातला.

गोलाईच्या छतावरची सगळी कबुतरं एकदम उठली. पाहुणे खुर्चीसकट बाजूला कलंडले आणि भीमाशंकरांच्या मांडीवर विसावले. बाया किंचाळल्या, ट्रॅक्टरवरचा एकजण चाकावर बसला होता तो खाली आला. पण सगळ्यांत उंच उडाला तो वीरण्णा. त्याचे दोन्ही पाय जमिनीवरून सुटले, छडी हातातून निसटून माळांमधून वर गेली आणि कुठं पडली ते शेवटपर्यंत सापडलं नाही.

तो वळला. समोर टिपऱ्या घेऊन थोरला भाऊ उभा होता, स्वतःच घाबरलेला.

वीरण्णाचं तोंड उघडं होतं. त्या सिंफनीतला प्रत्येक सूर त्याला तीस वर्षं पाठ होता. कुठं काय येणार हे झोपेतही ठाऊक असलेला, जगात सगळ्यांत शेवटी दचकावा असा तो माणूस, लातुरात, आपल्याच घरापुढं, लहान पोरासारखा दचकला होता. त्यानं छातीवर हात ठेवला. मग त्याला हसू आलं, ते आवरेना, तो गुडघ्यावर हात टेकून वाकला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत राहिला.

"हे कागदावर नाही!" रेणुकादास सर दुसऱ्या ओळीतून ओरडले. "हे कुठल्याच रेकॉर्डवर नाही!" आणि ते स्वतः हसताहेत हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा फार उशीर झाला होता. शिवकांतानं तोंडावर पदर धरला होता. खाली नीलाबाई शेजारणीच्या खांद्यावर कोसळून "आमचे मालक, आमचे मालक ते," एवढंच म्हणत होत्या. मन्मथ एका हातानं आईला सावरत होता, दुसऱ्यानं बापाकडं बोट दाखवत होता.

टाळ्या थांबायला बराच वेळ लागला. वीरण्णा डोळे पुसत नगाऱ्यापाशी आला.

"अण्णा, त्या टिपऱ्या नरसिंगला द्या."

"का?"

"अजून दोन भाग बाकी आहेत. मला भ्या वाटतंय."

रेवणप्पांनी विचार केला. समोर नवा कोरा जिल्हा श्वास रोखून त्यांच्याकडं बघत होता.

"न्हाई देत," ते म्हणाले आणि खुर्ची पुढं ओढून बसले.

वीरण्णा आपल्या जागी गेला. छडी नव्हती, म्हणून त्यानं नुसती बोटं उचलली. शिवकांतानं गज मधोमध धरला. आणि तो मिन्युएट गोलाईत सुटला, तालमीपेक्षाही वेगात, लाल कोटवाले फुगलेल्या गालांनी मागं धावताहेत, जळकोटकडची माणसं ट्रॅक्टरमध्ये उभ्या उभ्या टाळ्यांनी ठेका धरताहेत, आणि वीरण्णा शेवटच्या सुरापर्यंत वाजवून घेत राहिला अर्धं तोंड व्हायलिनांकडं आणि अर्धं नगाऱ्याकडं ठेवून.